दहा तासांचा मुक्काम आणि कुलपातले पिस्तूल

अमेरिकेत मालवाहतूक करणाऱ्या लहान कंपन्यांची कागदपत्रे तपासणे, म्हणजे चालकांच्या कामाच्या तासांच्या नोंदी, अमली पदार्थांच्या चाचण्यांचे दाखले, विम्याची आणि गाडीच्या देखभालीची कागदे नियमांशी ताडून पाहणे, हे माझे रोजचे काम आहे. त्यानिमित्ताने चालकांचे फोन येतात आणि त्यांतल्या एका प्रश्नाचे उत्तर देताना मला दर वेळी दडपण येते. गेल्या हिवाळ्यात डॅलसहून ट्रक चालवणाऱ्या एका मराठी तरुणाने तोच प्रश्न विचारला. "काका, टेक्सासमध्ये रीतसर घेतलेले पिस्तूल माझ्याकडे आहे, परवानाही आहे. पुढच्या महिन्यापासून न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचे लोड मिळणार आहेत. गाडीत ठेवले तर चालेल ना?" मी त्याला म्हणालो, "अरे, याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येणार नाही. चार दिवस दे, नीट लिहून पाठवतो." त्याला जे लिहून पाठवले, त्याचेच हे विस्तारलेले रूप आहे. मी वकील नाही. या व्यवसायाचे नियम रोज वाचावे लागतात म्हणून हा विषय अभ्यासला आहे, आणि कोणावर प्रत्यक्ष प्रसंग आला तर त्या त्या राज्यातल्या वकिलाकडेच जावे.

चालकांमध्ये दोन समज सर्रास आढळतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला समज असा की व्यावसायिक वाहनात शस्त्र ठेवण्यास संघीय कायद्यानेच बंदी आहे. मालवाहू वाहनांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या संघीय प्रशासनाच्या नियमावलीत ब्रेक, टायर, दिवे, माल बांधण्याचे साखळदंड, चालकाची दृष्टी आणि रक्तदाब अशा शेकडो गोष्टींचे नियम आहेत; पण चालकाने स्वतःचे कायदेशीर शस्त्र केबिनमध्ये ठेवू नये, असे एकही कलम तीत नाही. हा समज पसरला तो कंपन्यांच्या अंतर्गत नियमांमुळे. बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या गाड्यांत शस्त्रे ठेवू देत नाहीत, आणि नोकरीवर रुजू होताना सही केलेली ती अट पुढे चालकाच्या तोंडी "कायदा" होऊन बसते.

दुसरा समज अधिक घातक आहे. ट्रक चालवण्याचा व्यावसायिक परवाना, म्हणजे सीडीएल, एका राज्याने दिला तरी पन्नासही राज्यांत चालतो. तेव्हा शस्त्राचा परवानाही तसाच चालत असेल, असे चालक धरून चालतो. हे दोन विषय योगायोगाने एकाच वर्षाशी जोडलेले आहेत. १९८६ साली अमेरिकी काँग्रेसने व्यावसायिक मोटार वाहन सुरक्षा कायदा केला आणि चालकाकडे देशभर चालणारा एकच परवाना असावा असे ठरवले. त्याच वर्षी मे महिन्यात शस्त्रधारकांच्या संरक्षणाचा कायदाही झाला. त्याने मात्र शस्त्राचा परवाना देशभर ग्राह्य धरला नाही, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शस्त्र नेण्यासाठी एक अरुंद वाट तेवढी मोकळी करून दिली. ट्रकचालकाला त्या वाटेवरून जाता येते का, हा या सगळ्याचा गाभा आहे.

त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांना ती ठाऊक नसते. संघीय कायद्यानुसार काही व्यक्तींना शस्त्र किंवा गोळ्या बाळगताच येत नाहीत. एक वर्षाहून अधिक शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेले, कौटुंबिक हिंसाचाराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले आणि अमली पदार्थांचे बेकायदा सेवन करणारे लोक त्यांत येतात. गांजा अनेक राज्यांनी कायदेशीर केला असला, तरी संघीय कायद्याच्या लेखी त्याचे सेवन करणारा अजूनही याच गटात मोडतो. तात्पुरत्या व्हिसावर देशात राहणाऱ्यांनाही, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, शस्त्र बाळगण्यास मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ती लागू नाही. नोकरीच्या व्हिसावरचा माणूस मित्राच्या ट्रकमधून हौसेने प्रवासाला निघाला आणि मित्राचे पिस्तूल त्याने आपल्या पिशवीत ठेवून घेतले, तर त्याच्यापुढे थेट संघीय गुन्ह्याचा आणि हद्दपारीचा प्रश्न उभा राहू शकतो.

आता त्या अरुंद वाटेकडे वळू. अमेरिकी संहितेच्या १८व्या शीर्षकातील कलम ९२६-ए सांगते की, ज्या ठिकाणी शस्त्र बाळगणे आणि सोबत वागवणे तुमच्यासाठी कायदेशीर आहे, तिथून निघून तितक्याच कायदेशीर अशा दुसऱ्या ठिकाणी तुम्ही ते नेऊ शकता, मग मधल्या राज्यांचा कायदा काहीही असो. त्यासाठी शस्त्रात गोळ्या भरलेल्या नसाव्यात, आणि शस्त्र व गोळ्या या दोन्ही गोष्टी प्रवासी बसतात त्या भागातून सहज हाती येणाऱ्या नसाव्यात. ज्या वाहनात चालकाच्या कप्प्यापासून वेगळा असा कप्पाच नाही, तिथे त्या कुलूपबंद पेटीत असाव्यात, आणि डॅशबोर्डचा खण किंवा दोन आसनांमधला कप्पा ही अशी पेटी समजली जात नाही.

कलम वाचताना डोळ्यांपुढे मोटारगाडी आणि तिची डिकी येते. लांब पल्ल्याच्या ट्रकला डिकी नसते. मागचा ट्रेलर माल पाठवणाऱ्याच्या सीलने बंद असतो आणि ते सील तोडण्याचा चालकाला अधिकार नसतो. पाठीमागचा झोपण्याचा भाग, ज्याला चालक स्लीपर म्हणतात, तो केबिनला जोडलेलाच असतो, मध्ये फार तर एक पडदा. बाहेरून उघडणारे सामानाचे कप्पेही पुष्कळ गाड्यांत स्लीपरमधली गादी उचलली की आतून हाताशी येतात. म्हणून ट्रकचालकासाठी व्यवहारात एकच उपाय उरतो: रिकामे पिस्तूल एका भक्कम कुलूपबंद पेटीत, गोळ्या दुसऱ्या कुलूपबंद पेटीत, आणि दोन्ही पेट्या आसनापासून शक्य तितक्या दूर. आत्मसंरक्षणासाठी ज्याने शस्त्र घेतले त्याला अशा पेटीतल्या शस्त्राचा रात्री दार ठोठावले गेल्यावर काही उपयोग नाही, हे उघड आहे. पण हे कलम शस्त्र नेण्यापुरते आहे, ते वापरायला तयार ठेवण्यासाठी नाही.

याहून मोठी अडचण "निघण्याचे ठिकाण" आणि "पोहोचण्याचे ठिकाण" या शब्दांत आहे. या तरुणाला डॅलसहून निघून वाटेतली राज्ये ओलांडून पुढे एखाद्या मोकळ्या कायद्याच्या राज्यात जायचे असते, तर त्याला या कलमाचा आधार घेता आला असता. त्याचे लोड मात्र न्यूअर्कमध्येच उतरणार होते. न्यू जर्सीत तिथल्या परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे आणि ते राज्य इतर राज्यांचे परवाने मानत नाही. त्यामुळे त्याचे पोहोचण्याचे ठिकाण कायदेशीर नव्हते, आणि मग पेटीला कितीही कुलपे लावली तरी कलम ९२६-ए त्याच्या पाठीशी उभे राहत नाही.

समजा, लोड पुढच्या राज्यातले आहे आणि वाट तेवढी न्यू जर्सीतून जाते. तरीही एक पेच राहतोच, आणि त्याने मला आजवर सर्वांत अधिक अस्वस्थ केले आहे. संघीय नियमांनुसार मालवाहू ट्रकच्या चालकाला सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, कामावर आल्यापासून चौदा तास उलटले की पुढे चालवता येत नाही, आणि आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाचा खंड घ्यावाच लागतो. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांवर हे तास मोजणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवणे बंधनकारक झाले, त्यामुळे थोडे पुढे सरकून मुक्कामाची जागा बदलण्याची सवड जवळजवळ संपली. तास संपले तिथे थांबायचे आणि दहा तास तिथेच काढायचे. डॅलस ते न्यूअर्क हे अंतर सुमारे पंधराशे मैल आहे. एकट्या चालकाला वाटेत किमान दोन मुक्काम पडतात.

मुक्कामाबद्दल न्यायालय काय म्हणते, ते विमानप्रवाशाच्या एका खटल्यात दिसले. २००५ साली युटाहचा एक प्रवासी आपले पिस्तूल नियमाप्रमाणे बंद पेटीत घालून विमानाने पेनसिल्व्हेनियाकडे निघाला होता. न्यूअर्कला त्याचे पुढचे विमान चुकले, सामान मागे राहिले, आणि सामान हाती आल्यावर रात्र त्याला विमानतळाजवळच्या हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्याने स्वतःहून पिस्तूल असल्याचे सांगितले आणि त्याला अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले. त्याने भरपाईसाठी दावा केला, पण २०१० साली तिसऱ्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने तो फेटाळला. हॉटेलात सामान त्याच्या हाताशी होते, त्या वेळी तो वाहनातून शस्त्र नेत नव्हता, आणि कलमाचे संरक्षण प्रवास चालू असतानापुरतेच आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. या न्यायालयाच्या कक्षेत न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर ही राज्ये येतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा भाग ज्याच्या कक्षेत येतो त्या दुसऱ्या विभागाच्या न्यायालयानेही ठरवले की, या कलमाच्या आधारे अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर नागरी हक्कांच्या कायद्याखाली भरपाईचा दावा लावता येत नाही. म्हणजे कलम फार तर खटल्यात बचाव म्हणून उपयोगी पडते. अटक, जामीन आणि जप्त झालेली गाडी हे सगळे त्याआधी भोगून झालेले असते.

ट्रकचालकाच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते पाहा. एक संघीय नियम त्याला दहा तास थांबायला भाग पाडतो, आणि दुसऱ्या संघीय कायद्याचे संरक्षण थांबल्यावर टिकेल की नाही हे सांगता येत नाही. स्लीपरमध्ये झोपलेला चालक प्रवासात आहे की मुक्कामात? केबिन त्या वेळी त्याचे वाहन आहे की घर? सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात निर्णय दिला की, राहण्याजोगी मोटारगाडी झडतीच्या प्रश्नापुरती वाहनच समजावी, घर नव्हे. ट्रकच्या स्लीपरला घराचे संरक्षण मिळेल अशी आशा धरायला त्यामुळे फारशी जागा उरत नाही. चालक वर्षातल्या दोनशे-अडीचशे रात्री तिथे झोपतो, तिथेच जेवतो, तिथूनच मुलांशी बोलतो, आणि तरीही कायद्याच्या लेखी ते रस्त्याकडेला उभे केलेले एक वाहन आहे. कायद्याने निदान आपणच लादलेल्या विश्रांतीला प्रवासाचा भाग म्हणावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षेचे स्वरूप समजल्याशिवाय यातले गांभीर्य ध्यानात येत नाही. न्यू जर्सीत परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. त्याला पाच ते दहा वर्षांची कैद आहे आणि त्यातले किमान ४२ महिने पॅरोलविना भोगावे लागू शकतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका महिलेला न्यू जर्सीत पोलिसांनी मार्गिका चुकीच्या रीतीने बदलल्याबद्दल थांबवले. तिच्याकडे आपल्या राज्याचा परवाना होता. पिस्तूल जवळ आहे हे तिनेच प्रामाणिकपणे सांगितले, आणि त्या प्रामाणिकपणापायी ती दीर्घ सक्तीच्या कैदेच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचली. पुष्कळ गाजावाजा झाल्यावर तिला तुरुंगाऐवजी सुधारणा कार्यक्रमात सामील होऊ दिले गेले, आणि २०१५ साली तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. प्रत्येक चालकासाठी गव्हर्नर धावून येणार नाहीत. न्यूयॉर्कमध्येही घराबाहेर भरलेले पिस्तूल परवान्याविना बाळगल्यास किमान साडेतीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

अनेक जण विचारतात की, २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा कायदा रद्द केला, त्यानंतर हे सगळे संपले नाही का? तसे झालेले नाही. २३ जून २०२२ च्या त्या निर्णयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आणि परवाना मागणाऱ्याने "खास कारण" दाखवावे ही अट घटनाबाह्य ठरवली. परवाना घ्यावा लागणे मात्र त्याने रद्द केले नाही. एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानलाच पाहिजे, असेही तो म्हणत नाही. तसे म्हणणारे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी संमत झाले होते, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही.

न्यूअर्कपर्यंतच्या वाटेवरची राज्ये एकेक करून पाहिली की कायद्यांचे तुकडे कसे जोडलेले आहेत ते कळते. टेक्सासमध्ये स्वतःच्या मालकीच्या किंवा "स्वतःच्या ताब्यातल्या" वाहनात पिस्तूल ठेवता येते. कंपनीचा ट्रक चालकाच्या ताब्यात असतो, म्हणून तो या शब्दांत बसतो. आर्कान्सा आणि टेनेसीत परवान्याविना शस्त्र बाळगता येते. अशी मुभा देणारी राज्ये २०२४ अखेर २९ झाली होती. व्हर्जिनियात परवाना नसलेल्याला वाहनातल्या बंद कप्प्यात पिस्तूल ठेवण्याची सवलत आहे, पण तिथल्या कायद्याचे शब्द "वैयक्तिक, खासगी मोटार वाहन" असे आहेत, आणि मालाने भरलेला ट्रक त्यांत बसतो असे मी कोणाला सांगणार नाही. एका शब्दाने टेक्सासमध्ये ट्रक आत आला आणि एका शब्दाने व्हर्जिनियात तो बाहेर राहिला. पुढे ८१ क्रमांकाचा महामार्ग वेस्ट व्हर्जिनियातून मेरीलँडमध्ये शिरतो आणि जेमतेम बारा मैलांत बाहेर पडतो. त्या बारा मैलांत टेक्सासचा परवाना चालत नाही. पंधरा मिनिटांच्या रस्त्यासाठी आधीच कुठेतरी गाडी बाजूला घेऊन पिस्तूल रिकामे करून पेटीत घालावे लागते. महामार्गावर त्याची आठवण करून देणारी पाटी नसते.

शस्त्राइतकाच गोळ्यांचा आणि मॅगझिनचाही विचार करावा लागतो. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात दहापेक्षा अधिक गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनवर निर्बंध आहेत, कोलोरॅडोत ही मर्यादा पंधराची आहे. टोकाशी पोकळी असलेल्या गोळ्या, ज्या आत्मसंरक्षणासाठी सर्रास विकल्या जातात, त्या बाळगण्यावर न्यू जर्सीचे वेगळे निर्बंध आहेत. पोलिसांनी थांबवले तर शस्त्र जवळ असल्याचे आपणहून सांगावे का, याबद्दलही एकवाक्यता नाही. मिशिगनमध्ये परवानाधारकाने ते लगेच सांगणे सक्तीचे आहे, तर काही राज्यांत विचारल्यावरच सांगावे लागते. या सगळ्यात इलिनॉयने मला थोडा दिलासा दिला. ते राज्य इतरांचे परवाने सरसकट मानत नाही, पण स्वतःच्या घरच्या राज्यात शस्त्र बाळगण्यास पात्र असलेल्या परप्रांतीयाला ते वाहनात ठेवून जाऊ देते, आणि गाडीतून उतरताना शस्त्र कुलूपबंद गाडीतच ठेवावे असे सांगते. ट्रकचालकाची गरज ओळखून कायदा लिहिता येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

शाळांच्या परिसराचा संघीय कायदा मात्र चालकांच्या ध्यानातही नसतो. शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत शस्त्र बाळगणे हा पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकणारा गुन्हा आहे. १९९० सालचा मूळ कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने तो दुरुस्त करून परत आणला. शस्त्र रिकामे आणि कुलूपबंद पेटीत असेल तर त्यातून सूट मिळते. परवानाधारकालाही सूट आहे, पण ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने परवाना दिला असेल तर. टेक्सासचा परवाना टेनेसीने मानला, तरी या कलमाच्या शब्दांपुढे तो पुरत नाही. महामार्ग सोडून गावातल्या गोदामाकडे वळणारा ट्रक दिवसात किती शाळांच्या हद्दीतून जातो, हे चालकाला कळण्याचा मार्गही नसतो. अशा चालकांवर सर्रास खटले भरले जातात असे मला म्हणायचे नाही. पण दुसऱ्या एखाद्या कारणाने अटक झाली तर हे कलम सरकारी वकिलाच्या हाताशी असते.

यानंतर प्रश्न येतो तो खासगी मालकांचा. काही राज्यांत कर्मचाऱ्याला स्वतःच्या मोटारीत, कंपनीच्या वाहनतळावर, शस्त्र कुलपात ठेवण्याचा हक्क आहे. पण तो हक्क त्याच्या खासगी गाडीपुरता आहे, कंपनीच्या ट्रकला लागू होत नाही. मालक-चालक, म्हणजे स्वतःचा ट्रक कंपनीला भाडेकराराने लावणारा, थोडा अधिक मोकळा असतो, पण त्याने करारातल्या अटी वाचलेल्या असाव्यात, आणि पुष्कळांनी त्या वाचलेल्या नसतात. ज्यांचा माल उतरवायचा त्या गोदामांच्या फाटकांवर "शस्त्रास बंदी" अशी पाटी असेल तर चालकाला आत घेतले जात नाही. टॅक्सीच्या धंद्यातही हेच आहे; उबरने २०१५ पासून चालक आणि प्रवासी दोघांनाही प्रवासात शस्त्र ठेवण्यास मनाई केली आहे. लष्करी तळ, संघीय इमारती आणि टपाल खात्याच्या जागा यांचे नियम तर फौजदारी स्वरूपाचे आहेत. टपालाची कंत्राटी वाहतूक करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जानेवारी २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या टँपाच्या संघीय न्यायाधीशांनी टपाल खात्याच्या एका ट्रकचालकावरचा, टपाल कचेरीत पिस्तूल बाळगल्याचा आरोप घटनाबाह्य म्हणून काढून टाकला. परंतु एका जिल्हा न्यायालयाच्या अशा निकालावर विसंबून देशभर फिरू नये.

मी चालकांना तुरुंगाइतकेच कळकळीने त्यांच्या उपजीविकेबद्दल सांगतो. व्यावसायिक वाहन गंभीर फौजदारी गुन्ह्यासाठी वापरल्याचे सिद्ध झाले तर सीडीएल एक वर्षासाठी, आणि गाडीत धोकादायक माल असेल तर तीन वर्षांसाठी जातो. दुसऱ्यांदा तसे घडले तर आयुष्यभरासाठी. धोकादायक माल वाहण्याची जी वेगळी नोंद परवान्यावर लागते, तिच्यासाठी वाहतूक सुरक्षा प्रशासन चालकाची पार्श्वभूमी तपासते, आणि बेकायदा शस्त्र बाळगल्याची शिक्षा झाली असेल तर शिक्षेपासून सात वर्षे किंवा सुटकेपासून पाच वर्षे ती नोंद मिळत नाही. जो माणूस ट्रकचे हप्ते भरतो आहे, त्याच्यासाठी याचा अर्थ गाडी विकणे असाच होतो.

देशाची सीमा ओलांडायची असेल तर उत्तर सोपे आहे: शस्त्र नेऊच नये. कॅनडाने व्यक्तींनी पिस्तुले देशात आणण्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंदी घातली. मेक्सिकोत तर एखाद-दुसरी विसरलेली गोळीही संकटात टाकू शकते. २०१२ साली एल पासोजवळ वळण चुकून सीमेपलीकडे गेलेल्या एका अमेरिकी ट्रकचालकाच्या ट्रेलरमध्ये काडतुसांचा, अमेरिकेतच पोहोचवायचा, कायदेशीर माल होता. तो चालक मेक्सिकोच्या तुरुंगात कित्येक महिने अडकून पडला. त्याच्याजवळ स्वतःचे शस्त्र नव्हतेच.

एवढे सगळे वाचल्यावर चालकांनी शस्त्राचा विचारच का करावा, असे कोणी विचारील. मार्च २००९ मध्ये जेसन नावाचा एक चालक साउथ कॅरोलायनात माल पोहोचवायला वेळेआधी आला. त्या वेळी आत घेत नाहीत म्हणून त्याने जवळच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर ट्रक उभा केला आणि तो झोपला. तिथे त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. लुटारूच्या हाती सात डॉलर लागले. त्याच्या पत्नीच्या पोटात तेव्हा जुळी मुले होती. तिने आणि इतर चालकांच्या कुटुंबांनी पाठपुरावा केला आणि २०१२ च्या संघीय वाहतूक कायद्यात ट्रकांसाठी सुरक्षित थांब्यांची तरतूद झाली, जिला आजही "जेसनचा कायदा" म्हणतात. रात्री अकरा वाजता तास संपत आलेले, ट्रक स्टॉप भरलेला, आणि अनोळखी औद्योगिक वस्तीत अंधारात गाडी उभी करायची, ही वेळ ज्याने अनुभवली आहे त्याला भित्रा किंवा भांडखोर म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही.

म्हणूनच मला १९९३ सालच्या एका लहानशा संघीय कायद्याची वारंवार आठवण होते. रोख रक्कम आणि मौल्यवान वस्तू नेणाऱ्या चिलखती गाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांकडे आपल्या राज्याचा रीतसर परवाना असेल आणि त्यांचे प्रशिक्षण व पार्श्वभूमीची तपासणी झालेली असेल, तर त्यांना कामावर असताना इतर राज्यांतही शस्त्र बाळगता येईल, असे तो सांगतो. व्यावसायिक वाहनातल्या शस्त्राचा प्रश्न राज्याराज्यांच्या सीमा ओलांडून सोडवता येतो, हे काँग्रेसने तेव्हाच दाखवून दिले. सीडीएलधारकाचीही वैद्यकीय तपासणी होते, अमली पदार्थांच्या चाचण्या होतात, अनेकांची पार्श्वभूमीही तपासली जाते. सगळ्या चालकांना सर्वत्र भरलेले पिस्तूल बाळगू द्यावे, अशी माझी मागणी नाही. थकलेल्या, चिडलेल्या माणसांनी भरलेल्या वाहनतळावर अधिक पिस्तुले आल्याने सुरक्षितता वाढेल असे मला वाटत नाही. कलम ९२६-ए मध्ये दोन वाक्यांची भर पडावी, एवढेच मी मागतो: संघीय नियमांनी सक्तीची केलेली विश्रांती हा प्रवासाचाच भाग समजावा, आणि माल उतरवण्यापुरता झालेला थांबा हे प्रवासाचे अंतिम ठिकाण समजू नये. शस्त्र रिकामे आणि कुलपातच राहील. फक्त घरी परतणाऱ्या चालकाला वाटेत कोणी गुन्हेगार ठरवणार नाही.

ती भर पडलेली नाही, म्हणून त्या तरुणाला मी लिहिले की न्यूअर्कच्या फेरीत पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेव, परवाना असला तरी आणि पेटी असली तरी. त्याला ते आवडले नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "काका, ठेवले घरी. पण मग झोपायचे कुठे, तेही सांगा." त्यानंतर आम्ही दोघांनी नकाशा उघडला आणि शेवटचा मुक्काम पेनसिल्व्हेनियात कार्लाइलच्या आसपास, ट्रक स्टॉपमध्ये आधी जागा राखून घेऊन, उजेडाच्या बाजूला करायचा आणि पहाटे उठून न्यूअर्क गाठायचे असे ठरवले. जागा राखण्याचे पैसे कंपनीने द्यावेत म्हणून मी त्याच्या डिस्पॅचरला, म्हणजे फेऱ्या ठरवून देणाऱ्या कंपनीच्या माणसाला, पत्र लिहिले आहे; उत्तर यायचे आहे.